माझं पाणी वाढलं तेव्हा

मी एक जुना माठ आहे, पाणी गाळणारा. आता मात्र माझं पाणी कुणी पीत नाही. तमाले शहराजवळच्या एका प्रयोगशाळेच्या फळीवर मला ठेवलंय आणि शिकायला येणाऱ्या मुलामुलींना माझ्या पोटातली बारीक चीर दाखवतात. मित्रांनो, त्या चिरेची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

मला आझारा नावाच्या कुंभारीणबाईंनी घडवलं. त्या चिकणमातीत भाताचा चाळलेला कोंडा मळायच्या. भट्टीत कोंडा जळून जायचा आणि त्याच्या जागी डोळ्यांना न दिसणारी भोकं उरायची. त्यांतून पाणी सुटतं, रोगजंतू अडकतात. भट्टीतून निघालो की आमची परीक्षा असे. नेइंदू नावाचे संशोधक घड्याळ लावून बसत आणि तासाला दोन लिटरपेक्षा जास्त पाणी सोडणारा माठ सरळ फोडायला लावत.

आझाराबाई कळवळायच्या. "अहो, चांगलं धडधाकट लेकरू आहे माझं. का जीव घेताय त्याचा?"

"बाई, ज्याला घाई त्याच्या पाण्यात घाण."

"मग मलाही फोडा! सकाळपासून घरी जायची घाई झालीय मला."

मी दीड लिटरवर पास झालो. केवढा अभिमान वाटला होता मला!

मी गेलो सानातूच्या घरी. घरात तिचा नवरा, सासू आणि चार वर्षांची लेक तियुम्बा. गावाचं पाणी तळ्याचं, आणि त्याच तळ्यात गुरंही उतरायची. तियुम्बाचं पोट महिन्यातून दोनदा बिघडायचं, हातपाय नुसत्या काड्या झाले होते. मला एका तोटीच्या बादलीवर बसवलं. वरून तळ्याचं पाणी ओतायचं, खाली स्वच्छ पाणी साठायचं. वर्षभरात पोरीचे गाल वर आले. ती बादलीला कान लावून माझी टपटप ऐकत बसायची. मला ती फार आवडायची.

सासूबाईंचं मात्र माझ्याशी कधी पटलं नाही. "माठ कसला, म्हातारी गाय आहे ही! पान्हाच सुटत नाही मेलीला."

नेइंदू दर महिन्याला यायचे, दोन बाटल्या पाणी भरून न्यायचे, घड्याळ लावायचे आणि म्हणायचे, "आजी, हळू आहे तेच बरं आहे हो."

आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाणी, मग चौकशी. तेही तुंब्याच्या वाटीत काठोकाठ. अर्धी वाटी पुढे करणं म्हणजे 'आता निघा' असं सांगणं. सानातूला मुलगा झाला. त्याच्या नामकरणाला येंदीहून नवऱ्याचे थोरले काका आले. वाटी अर्धी भरली आणि तोटी आटली. सासूबाईंचा चेहरा उतरला.

"सानातू, बादलीत पाणी आहे की नाही?"

"असेल आई, जरा थांबा ना."

"पाहुण्याला थांबवू? नाक कापशील माझं!"

बादलीत डोकावायला त्यांनी मलाच उचललं. मला उचलायचं तर आधी रिकामं करायचं, असं नेइंदूंनी दहादा बजावलं होतं. भिजलेल्या मातीला आपल्याच पाण्याचं ओझं पेलवत नाही. मी गळ्यापर्यंत भरलेला होतो, आणि त्यांनी मला नुसत्या काठाला धरून उचललं. माझ्या पोटात कट्कन झालं. बाहेर ढोल वाजत होते, कुणालाच ऐकू गेलं नाही.

संध्याकाळपर्यंत बादली भरून वाहू लागली.

"अगं बाई, काकांच्या पायगुणानं माठ सुधारला!" सासूबाईंनी पहिल्यांदा माझ्या अंगावरून मायेनं हात फिरवला. शेजारणी भांडी घेऊन येऊ लागल्या. जन्मात मला एवढी शाबासकी मिळाली नव्हती. आणि मला एकट्यालाच ठाऊक होतं, की मी आता काहीच गाळत नाही.

तोवर नेइंदूंचं आमच्या गावातलं काम संपलं होतं. त्यांच्या कार्यालयातून फक्त एका मुलीचा फोन आला.

"माठाबद्दल काही तक्रार आहे का, ताई?"

"तक्रार कसली गं! पहिल्यापेक्षा तिप्पट पाणी देतो," सानातू हसून म्हणाली.

माझ्या नावापुढे 'उत्तम' अशी नोंद झाली. मित्रांनो, त्या दिवशी मला तोंड असतं, तर मी गाव गोळा केलं असतं.

उन्हाळ्यात तळं आटून तळाशी गेलं आणि तियुम्बाला जुलाब लागले. दवाखान्यातून मीठ-साखरेच्या पुड्या आणल्या. सानातू त्या माझ्याच पाण्यात कालवायची आणि चमचा चमचा पाजायची. "पी गं राणी, स्वच्छ पाणी आहे आपलं." मला थांबताही येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तियुम्बा गेली.

ही बातमी ऐकून नेइंदू सांत्वनाला आले. सानातूनं रीतीप्रमाणे आधी पाणी आणलं. तोटी फिरवली आणि क्षणात वाटी काठोकाठ भरली. पाण्याची ती जोरदार धार नेइंदू बघतच राहिले.

"ताई, हे असं कधीपासून?"

"बाळाच्या नामकरणापासून. फार गुणी निघाला हो तुमचा माठ. तियुम्बाला शेवटपर्यंत याचंच पाजलं मी. तळ्याचा एक थेंब तिच्या पोटात जाऊ दिला नाही. तेवढंच समाधान आहे जिवाला."

नेइंदूंनी वाटी तोंडाला लावली आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. पुन्हा भरून देऊ का, असं तिनं विचारलं. त्यांनी मान हलवली आणि वाटी खाली ठेवली.

"माठ जुना झालाय," ते म्हणाले. "मी नेतो. उद्या नवा पाठवतो." दुसऱ्या दिवशी ते घरोघर फिरले. आणखी तीन माठ माझ्यासारखेच निघाले. त्या तिन्ही घरांत माठाचं कौतुकच चाललं होतं. फोनवर विचारायचा प्रश्न त्यांनी बदलला. आता तक्रार विचारत नाहीत, वाटी भरायला किती वेळ लागतो ते विचारतात.

मित्रांनो, तुमच्या घरी माझं एखादं भावंड असेल, तर भरलेला असताना त्याला उचलू नका. महिन्यातून एकदा घड्याळ लावून त्याच्यापाशी बसा. त्याचं पाणी एकाएकी वाढलं, तर आनंदानं शेजाऱ्यांना बोलावू नका, आधी त्याला रिकामं करून खाली उतरवा आणि उजेडात धरून चीर शोधा. आम्हाला आमचं दुखणं सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात सानातूचा निरोप आला. तिचा मुलगा आता चालायला लागलाय. नवा माठ चांगला आहे, पण फारच हळू आहे, असं तिनं कळवलंय. "माझ्या तियुम्बाचा जुना माठ दुरुस्त झाला असेल, तर तोच परत पाठवा ना," असं म्हणतेय.

नेइंदूंनी तो निरोप मुलांना वाचून दाखवला आणि विचारलं, "काय उत्तर देऊ?" उत्तर अजून गेलेलं नाही.