तिसरं बीळ

भगवंतानं फावडं खांद्यावर टाकलं आणि भातखाचराकडं ताडताड निघाला. मागून नात श्रेया, हातात इंग्रजीची वही.

खाचरातलं पाणी दोन दिवसांत चार बोटं उतरलं होतं. पावसानं तर दहा दिवस दडी मारलेली. खालचं खाचर चुलतभाऊ सोपानचं. बांध फोडून पाणी त्यानंच पळवलं, याबद्दल भगवंताला तिळमात्र शंका नव्हती. मोजणीचा अर्ज त्यानं खिशात घालूनच ठेवला होता. तालुक्याला, घोडेगावला जाऊन तो द्यायचा, सरकारी खुणा रोवून घ्यायच्या आणि तीन पिढ्यांचं येणंजाणं एकदाचं तोडायचं. एरवी भगवंताचा राग म्हणजे अळवावरचं पाणी. या खेपेला मात्र तो दोन दिवस टिकला होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"आबा, बाउंड्री आन् बॉर्डर, फरक लिवायचाय. उदाहरणासकट."

"दोन्ही शीवच की."

"न्हाई. तळेघरच्या शाळेतल्या बाई म्हनल्या, आपलं कुठवर हाय तेवढंच बाउंड्री सांगती. बॉर्डर दोन देशांची. पल्याडच्यावर नजर ठेवायला तिथं पहारा आसतो. आपला बांध कशात घालू?"

"बॉर्डरीत घाल. पल्याड चोर हाय."

श्रेयानं चालता चालताच तसं लिहून टाकलं.

बांधाच्या खालच्या अंगाला सोपान गुडघाभर चिखलात वाकला होता. भगवंतानं ओरडायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. बांधाला खेकड्यांनी बिळं पाडली होती आणि सोपान त्यांत चिखलाचे गोळे ठासत होता. त्याच्या खाचरात तेवढा एकच कोपरा ओला होता, बाकी जमीन तडकलेली. तरी येणारं पाणी तो आपल्याच हातानं बंद करत होता.

"दादा, खेकड्यांनी लई पोखरलंय," सोपान मान वर न करता म्हणाला. "तुजं पानी चाललं व्हतं. मला आत्ता दिसलं."

भगवंताला स्वतःची लाज वाटली, चांगली कानशिलं तापेपर्यंत. फावडं टाकून तो खाली उतरला.

"किती बुजवलीस?"

"दोन. हे तिसरं."

"ते ऱ्हाऊ दे."

सोपानचा हात चिखलासकट थांबला.

"आरं दादा, तुज्या भाताला कमी पडंल."

"पडू दे," भगवंत म्हणाला. "पडलं तर दोघांना पडंल."