जयंतीचं झाड

घरामागे, धुण्याच्या दगडाशेजारी जयंतीचं झाड होतं आणि रत्नप्रभेला ते पहिल्या दिवसापासून खटकलं होतं. नवी सून लग्नात चार भांडी आणते, फार तर शिलाई मशीन आणते. तिची ही धाकटी जाऊ जयंती विक्रोळीहून डालड्याच्या डब्यात एक रोप घेऊन आली. तिचा मामा बोटीवर होता, त्याने सिलोनहून बी आणलेलं. माहेरच्या क्वार्टरच्या अंगणात त्याचं मोठं झाड आहे म्हणे, आणि त्याच झाडाखालचं हे रोप.

"चाफा लावला असता तर देवाला फुलं तरी झाली असती," रत्नप्रभा तेव्हा म्हणाली होती.

"लागली फळं की बघा वहिनी," जयंती हसून म्हणाली आणि तिने रोप लावून टाकलं. मुलुंडच्या त्या बैठ्या घरात आपल्याला न विचारता कुणी काही लावतं, हे रत्नप्रभेने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मध्ये बरीच वर्षं गेली. झाड मुकाट्याने वाढलं आणि गेल्या वर्षीच्या थंडीत त्याला फळं धरली. हळदीच्या रंगाची, मुठीएवढी, खाली टोक आलेली, दिसायला अगदी देखणी. वास मात्र कसलाच नाही. नंदकुमारने, म्हणजे जयंतीच्या नवऱ्याने, उतावीळपणे एक तोडून तिथेच चावलं आणि त्याच्या ओठांना असा चीक लागला की खोबरेल चोळून काढावा लागला.

"अहो, ते कच्चं आहे! तांदळाच्या डब्यात ठेवायचं, मऊ पडेपर्यंत," जयंती हसता हसता सांगत होती.

मऊ पडल्यावर सगळ्यांनी फोड फोड खाल्ली. रत्नप्रभेने हातात घेतली आणि गुपचूप कट्ट्यावर ठेवून दिली. तिचा नवरा विद्याधर म्हणाला, "हे फळ आहे की भिजवलेलं बेसन? रस कुठाय याला?"

"घोटभर पाणी पिऊन खायचं फळ पहिल्यांदाच बघितलं," नंदकुमार म्हणाला.

जयंती हिरमुसली नाही. तिने उरलेली फळं माहेरी पाठवली. रत्नप्रभेला त्या दिवशी जेवण जरा जास्तच गोड लागलं.

पण यंदा, त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात, आप्पांना कावीळ झाली.

आप्पा म्हणजे सासरे. सासूबाई गेल्यापासून त्यांचं सगळं खाणंपिणं रत्नप्रभा बघत होती. त्यांना वरण किती पातळ लागतं, ताकात मीठ केव्हा घालायचं, कोणत्या महिन्यात त्यांना वांगं बाधतं, हे तिला न विचारता ठाऊक होतं. आप्पा तिला 'सूनबाई' म्हणत आणि जयंतीला 'जयंती'. घरात सुना दोन होत्या, पण सूनबाई एकच होती. याबद्दल रत्नप्रभा कधी कुणाशी बोलली नव्हती. बोलायची गरजच नव्हती.

कावीळ उतरली, डोळे पांढरे झाले, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. रत्नप्रभेने पेज केली, मेतकूट-भात केला, नाचणीची आंबील केली. आप्पा दोन चमचे घेत आणि वाटी सरकवत. "नको गं सूनबाई. लाकूड चघळल्यासारखं होतं."

दिवाळी गेली. थंडी पडली. आप्पांच्या सदऱ्याच्या बाह्या मनगटावर लोंबू लागल्या. आणि एका रविवारी जयंतीने तांदळाच्या डब्यातलं एक पिवळं फळ काढलं, दुधात कुस्करलं आणि आप्पांच्या खोलीत नेलं.

रत्नप्रभा स्वयंपाकघरात चपात्या लाटत होती. तिला वाटीवर चमचा घासल्याचा आवाज आला. आधी सावकाश, मग भराभर. वाटीच्या तळाशी काही उरलं नाही की चमचा जसा वाजतो, तसा. महिनोन् महिने तिने त्या आवाजाची वाट पाहिली होती.

"जयंती," आतून आप्पा म्हणाले, "आहे का गं अजून?"

तव्यावरची चपाती करपली.

त्यानंतर रोजचंच झालं. दुपारी चारच्या सुमाराला आप्पांना ते फळ हवं असे. जयंती अंधेरीला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती, ती सकाळी बस धरायची, म्हणून ती जाताना फळ कुस्करून वाटी झाकून ठेवी आणि चप्पल घालता घालता सांगे, "वहिनी, तेवढी वाटी द्याल ना आप्पांना? दूध वरून घाला हं, आधी नको."

देणार कोण? रत्नप्रभा. दुसरीच्या हातचं, आपल्या हाताने. आप्पा खायचे आणि वाटी परत देताना म्हणायचे, "जयंतीने काय शोधून काढलंय! अंगात जीव आल्यासारखं वाटतं." रत्नप्रभा "हो ना," म्हणायची आणि वाटी मोरीत जरा जोरानेच ठेवायची. शेजारची कुंदा भिंतीवरून म्हणाली, "तुमच्या धाकटीच्या हाताचा गुण आला हो आप्पांना." ते ऐकून रत्नप्रभेने तिला दिलेली विरजणाची वाटी परत मागून घ्यावी, असं एक क्षण तिच्या मनात आलं.

आपण वाईट विचार करतोय हे तिला कळत होतं. म्हातारा माणूस खातोय, याचा आनंद व्हायला हवा, आणि तो होतही होता. पण त्या आनंदाच्या आत एक कुसळ होतं आणि ते गिळताना दर वेळी टोचत होतं.

एका मंगळवारी तिने वाटीवरचं झाकण काढलंच नाही. डब्यातून दुसरं फळ घेतलं, सुरीने उभं चिरलं आणि दोन्ही फोडी ताटलीत ठेवून आप्पांपुढे नेल्या. कुस्करलेल्या फळाचं नुसतं पिवळं दूध दिसत असे. चिरलेलं फळ आप्पांनी यंदा पाहिलंच नव्हतं आणि गेल्या वर्षी त्यांचा चष्मा फुटलेला होता. आत गुळगुळीत तपकिरी बी आणि भोवती कोरडा, घट्ट, पिवळाधमक गर.

"आज असंच आणलं," ती म्हणाली. "बघा तरी आप्पा, कसं दिसतं ते. मला बाई दर वेळी उकडलेल्या अंड्याचा बलक आठवतो. भुगासुद्धा तस्साच पडतो."

आपण काय करतोय हे तिला पक्कं माहीत होतं. या घरात अंडं कधी आलं नव्हतं. नंदकुमार लहानपणी फार अशक्त होता. डॉक्टरांनी रोज एक अंडं द्या म्हटलं, तर आप्पांनी डॉक्टर बदलला होता.

आप्पांनी फोड उचलली. डोळ्यांजवळ नेली. बोटाने जरासा गर दाबला, तो भुरभुरला. त्यांनी फोड परत ताटलीत ठेवली आणि बोट पंच्याला पुसलं.

"घेऊन जा," ते म्हणाले.

"अहो, मी आपलं सहज—"

"घेऊन जा सूनबाई. नको."

संध्याकाळी जयंती आली. वाटी तशीच बघून ती आप्पांच्या खोलीत गेली. रत्नप्रभा दाराआड भाजी निवडत बसली होती. आता आपलं नाव निघणार म्हणून तिने देठ मोडायचेही थांबवले.

"का हो आप्पा, बिघडलं होतं का?"

"नाही गं. मन उडालं त्याच्यावरून."

एवढंच. तिचं नाव नाही, तक्रार नाही. रत्नप्रभेला वाटलं होतं, बरं वाटेल. नाव निघालं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

आणि आता ते आपल्याकडे वळतील, असं जे तिला वाटलं होतं, तेही झालं नाही. तिने मूगडाळीची खिचडी केली, वर तुपाची धार सोडली. आप्पांनी तोंड फिरवलं. तिने साबुदाण्याची खीर केली. ती तशीच साय धरून राहिली. दोन दिवसांत आप्पा नुसत्या पाण्यावर आले. डॉक्टरांनी दंडाला चिमटीत धरून बघितलं आणि विद्याधरला बाजूला घेऊन म्हणाले, "असंच चाललं तर दवाखान्यात ठेवून सलाइन लावावं लागेल. या वयात मग अंथरूण सुटत नाही हो. खात होते ना मध्ये? काय खात होते तेच द्या की."

"वहिनी, तुमच्या हातचं काहीतरी चारून बघा ना," जयंती रडवेली होऊन म्हणाली. "तुमचं ऐकतात ते." ते वाक्य रत्नप्रभेला दिवसभर पुरलं.

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. उपासाच्या बाबतीत रत्नप्रभेचा शब्द आळीत शेवटचा होता. कोथिंबीर चालते का, जिरं चालतं का, शेंदेलोणच हवं का, हे बायका भिंतीवरून तिलाच विचारत. ती कुणाची भीड ठेवत नसे. नणंदेने एकदा उपासाच्या बटाट्यात हळद घातली, तर रत्नप्रभेने अख्खी कढई बाजूला सारली होती. आप्पासुद्धा ताटावर बसले की विचारायचे, "सूनबाई, हे चालतं ना?" ती 'हो' म्हणाली की मगच घास घ्यायचे.

दुपारी घरात ती आणि आप्पा दोघंच होते. सकाळपासून तिने नुसता चहा घेतला होता. तिने तांदळाच्या डब्यात हात घातला, एकेक फळ चाचपलं आणि ज्याची साल देठाशी तडकली होती ते काढलं. धुतलं. सुरी न घेताच ती आप्पांच्या खोलीत गेली आणि स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली.

फळ हाताने सहज उकललं. तिने एक तुकडा तोंडात टाकला.

पहिल्यांदा काहीच कळलं नाही. गर टाळ्याला चिकटला, तोंड कोरडं पडलं, आणि नंदकुमारचं घोटभर पाणी तिला आठवलं. रसाची वाट बघत ती जीभ फिरवत राहिली. रस आला नाही. मग, गिळायच्या जरा आधी, मागून गोडी आली. आंब्यासारखी धावत येणारी नव्हे. शिजवून वाटलेल्या पुरणाची असते तशी, सावकाश. भाजलेल्या रताळ्याचीही जराशी. तिने पाट्यावर आयुष्यभर पुरण वाटलं होतं, चाखून बघितलं होतं; पण न शिजवता, न वाटता, नुसतं झाडावर हे असं तयार होतं? तिने दुसरा तुकडा घेतला. तो लगेच न गिळता तोंडात धरून ठेवला. आता बरोबर होतं. चावायचं नव्हतंच ते, विरघळू द्यायचं होतं.

आप्पा तिच्याकडे बघत होते.

"सूनबाई, आज एकादशी ना?"

"हो आप्पा."

"मग?"

"फळ आहे. चालतं."

"तूच म्हणालीस ना परवा..."

"दिसतं तसं, म्हणाले. दिसायला काय हो, काहीही कशासारखंही दिसतं." तिला त्यांच्या डोळ्यांत बघवेना. "झाडावर लागतं, आपल्या दगडाशेजारच्या. चालतं."

आप्पांनी तिच्या हातातलं फळ निरखलं. मग त्यांनी पांघरुणातून हात काढून तळवा तिच्यापुढे धरला. तिने त्यावर मोठा तुकडा ठेवला. त्यांनी तो खाल्ला, मग दुसरा खाल्ला, आणि मग म्हणाले, "दुधात कर की. जयंती करते तसं."

कुसळ होतंच जागेवर. ती उठली आणि तसं करून आणलं. दूध वरून घातलं, आधी नाही.

जयंती संध्याकाळी आली तेव्हा पुसलेली वाटी पालथी ठेवलेली होती.

"खाल्लं? कुणी दिलं?"

"सूनबाईने," आतून आप्पा म्हणाले. "तिने स्वतः खाऊन दाखवलं मला, एकादशीला!"

जयंतीचा चेहरा फुलला, आणि फुलता फुलता, डोळ्याचं पातं लवावं एवढाच वेळ, उतरला. दुसऱ्या कुणाला ते दिसलं नसतं. रत्नप्रभेला दिसलं, तिला त्या चेहऱ्याची आतली बाजू पाठ होती.

स्वयंपाकघरात आल्यावर जयंती हळूच म्हणाली, "वहिनी, मंगळवारी वाटी झाकलेलीच होती आणि चिरलेलं फळ सुरीसकट मोरीत होतं. आप्पा काही बोलले नाहीत, पण मला दिसलं."

रत्नप्रभेने गॅस बारीक केला. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर आप्पा जेवले असते?"

रत्नप्रभेने उपासाच्या दाण्याच्या आमटीत शेंदेलोण घातलं, मग घातलं की नाही ते आठवेना म्हणून चाखून बघितलं.

"चुकलं माझं," ती आमटीकडे बघत म्हणाली.

जयंतीने ओट्यावर पडलेलं अर्धं फळ उचललं, त्यातलं निम्मं मोडलं आणि तिच्यापुढे धरलं. "आवडलं का पण? खरं सांगा."

"कोरडं आहे जरा."

"तसंच असतं ते."

"वेलची हवी त्यात. आणि चिमूटभर जायफळ. मग बघ."

"अजिबात नको हं वहिनी! वेलची घातली की त्याची स्वतःची चव मरते."

"तू मला शिकव आता वेलची केव्हा घालायची ते."

"याच्यात तरी शिकवीन," जयंती म्हणाली आणि कपडे बदलायला आत गेली.

रत्नप्रभेने डबा काढला, दोन वेलच्या सोलून कुटल्या आणि आपल्या तुकड्यावर भुरभुरवल्या. खाल्ला. थोडा थांबून पिठाच्या डब्यामागे ठेवलेला दुसरा तुकडा घेतला, तो तसाच, नुसता, तोंडात विरघळू दिला.

वेलची नकोच होती. पण हे जयंतीला सांगायची काही गरज नव्हती.