मोठ्या बाईंच्या खोलीबाहेरचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे, पण वर्गातला नाही हं. वर्गातल्या बाकांचं नशीब निराळं. त्यांच्यावर डबे उघडतात, मारामाऱ्या होतात, कर्कटकाने नावं कोरली जातात. माझं सगळं आयुष्य गेलं मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर, व्हरांड्यात. माझ्यावर कुणी मूल हौसेने येऊन बसलं नाही.

एका तिरसट सुताराने जुन्या दाराच्या फळ्यांतून मला घडवलं. काम संपल्यावर तो स्वतःच माझ्यावर धपकन बसला आणि म्हणाला, "झालं! आता हत्ती बसला तरी हा हलायचा नाही." तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता!

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. दिवसभर त्यांचा दरारा असे. शाळा सुटली की मात्र त्या चपला काढून माझ्यावर बसत आणि तपकिरी वहीत मनात आलेलं लिहीत. लिहिलेलं शिपाईमामांना वाचून दाखवत. मामा झाडू भिंतीला टेकवून ऐकत. "आज घराची किल्ली घरातच विसरले, आणि शाळेत येऊन मुलांना विसराळूपणावरून बोलले. लाज वाटली." मामा म्हणत, "असलं लिहू नका बाई, कुणी वाचलं तर?" त्यावर बाई म्हणत, "वाचू दे की. शिकवणाऱ्याचंही चुकतं, हे कळू दे एकदा." मला या बाई फार आवडत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्यांना नावं ठेवाल.

बाईंचा एक नियम होता. आठला घंटा. घंटेनंतर येणाऱ्याने पहिला तास माझ्यावर बसायचं आणि कारण सांगायचं नाही. "कारणं ऐकत बसले तर दिवस पुरायचा नाही," असं त्या म्हणत. पालक खूश होते. दोन महिन्यांत उशिरा येणारी मुलं बोटांवर मोजण्याइतकी उरली. दुसऱ्या शाळांचे लोक नियम बघायला आले आणि जाताना मला थोपटून गेले. खोटं कशाला बोलू, मीही जरा फुगलो होतो.

मग सहावीतली एक मुलगी रोज येऊ लागली. रोज म्हणजे अगदी रोज. आठ वाजून सात मिनिटांनी फाटकातून धावत यायची, कपाळावर घाम, एक वेणी सुटलेली. शिपाईमामांनी तिचं नाव 'सातमिनिटी' ठेवलं. "आल्या का सातमिनिटी? बसा, सिंहासन रिकामंच आहे!" ती हसायची नाही, मुकाट्याने बसायची.

सहावीचा वर्ग माझ्यापासून दहा पावलांवर. पहिला तास गणिताचा. सरांचा आवाज खणखणीत, पण फळा काही इथून दिसत नसे. सर उदाहरण सांगू लागले की ही मुलगी माझ्या फळीवर बोटाने आकडे मांडायची. हळूच, कुणाला दिसू नये म्हणून दप्तराच्या आड. कित्येकदा वर्गातून उत्तर यायच्या आधी तिचं बोट थांबलेलं असे. उत्तर बरोबर निघालं की ती एकदाच पाय हलवायची. अहो, हे सगळं मला कळत होतं! पण तोंड कुठे होतं मला सांगायला?

चाचणी परीक्षाही पहिल्याच तासाला व्हायच्या. वर्गात पेपर वाटल्याची सळसळ झाली की तिचा हात माझी कड घट्ट धरायचा. पहिल्या चाचणीला तिने धीर करून विचारलं, "मामा, आज तरी आत जाऊ?" मामांनी बाईंच्या बंद दाराकडे पाहिलं. "नियम आहे गं बाळा." दुसऱ्या चाचणीला तिने विचारलं नाही. तिसऱ्या चाचणीच्या दिवशी ती रडली, आणि बाहीने माझी फळी पुसून ठेवली.

वर्ष संपलं, निकाल लागला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आठ वाजून सात मिनिटांनी कुणीच आलं नाही. मला वाटलं, सुधारली वाटतं पोरगी. कसलं काय! आठवडाभराने मोठ्या बाई हातात कागद घेऊन बाहेर आल्या. त्यांनी गणिताच्या सरांना हाक मारली.

"ही मुलगी चार गुणांनी नापास आहे. तिन्ही चाचण्यांपुढे तुम्ही 'गैरहजर' लिहिलंय. हजेरीपटावर तर ती वर्षभर रोज हजर आहे!"

सरांनी खाली पाहिलं. "बाई, ती शाळेत होती. वर्गात नव्हती."

"मग होती कुठे?"

सरांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

त्याच दुपारी त्या मामांना घेऊन मुलीच्या घरी गेल्या. परत आल्या त्या थेट माझ्यावर बसल्या. चपला काढायचंही भान नव्हतं. मामांना म्हणाल्या, "तुम्ही ऐकलंत ना? बालवाडीचं दार आठला उघडतं. धाकट्या भावाला आत सोडल्याशिवाय ती निघणार कशी? आई पहाटेच कामाला जाते."

"ऐकलं, बाई."

"आणि आई काय म्हणाली? 'तुम्हीच तिला रोज बाहेर बसवत होता. आम्हाला वाटलं, तिला शाळा झेपत नाही. म्हणून मावशीकडे पाठवली, तिचं बाळ सांभाळायला.'"

बाईंनी तपकिरी वहीतलं पान फाडून तिथेच मावशीला पत्र लिहिलं. मुलीला परत पाठवा, चूक शाळेची आहे, मी स्वतः तिला शिकवीन. महिन्याभराने उत्तर आलं, दोनच ओळींचं. मुलगी आता रमली आहे. शाळेचा विषय पुन्हा काढू नये.

बाईंनी आणखी पत्रं लिहिली. स्वतःही एकदा जाऊन आल्या. मुलगी मावशीच्या पदराआड उभी राहिली, पुढे आलीच नाही. मुलीच्या घरून आल्या त्या दिवसापासूनच नियम बंद झाला होता. उशिरा येणारं मूल सरळ वर्गात जाऊ लागलं, आणि पहिल्या तासाला माझ्यावर मोठ्या बाईच बसू लागल्या. आल्या मुलाला क्षणभर थांबवून एवढंच विचारायच्या, "काय झालं रे? घरी सगळं बरं आहे ना?" मुलं सांगायची. कुणाची आई आजारी असे, कुणी नुसताच झोपून राहिलेला असे. बाई दोन्ही ऐकून घ्यायच्या.

त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी सभागृहात भाषणं झाली. "बाईंच्या काळात उशिरा यायची कुणाची छाती नव्हती," असं कुणीतरी म्हणालं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मोठ्या बाई मधूनच उठून बाहेर आल्या आणि माझ्यावर बसून लहान मुलासारख्या रडल्या. शिपाईमामा पाण्याचा पेला घेऊन मागे आले.

"मामा, तिला एकदा विचारायला किती वेळ लागला असता हो?"

मामांचेही डोळे भरून आले होते. "मिनिटभर, बाई. तेवढंही नाही."

मित्रांनो, आता मी अडगळीच्या खोलीत आहे. एक पाय गेला, वाळवी लागली, त्याचं मला काही वाटत नाही. मला रंग लावा, दुरुस्त करा, असलं मी मागणार नाही. माझं एकच मागणं आहे. तुमच्या वर्गाबाहेर कुणी बसलेलं दिसलं तर तसेच पुढे जाऊ नका. थांबा, आणि विचारा. मी वर्षभर तिच्या इतका जवळ होतो, मित्रांनो, आणि मला विचारता आलं नाही. तुम्हाला येतं.