माझी चौथी बाजू

मित्रांनो, मी एक जुनी गोधडी आहे. वय विचाराल तर मला दोन आकडे सांगावे लागतील. माझ्या पोटातली गोधडी तीस वर्षांची आणि अंगावरची पाच-सहा वर्षांची. गोंधळू नका. आमच्याकडे गोधडी विरली म्हणून कोणी फेकत नाही. तिच्यावर पुन्हा जुनीच लुगडी पांघरतात आणि नव्याने टाके घालतात. म्हातारी आत राहते आणि तरुणी वर मिरवते.

माझा पहिला जन्म धरणगावातल्या एका बोळात, लिलाबाईंच्या ओट्यावर झाला. त्यांचे यजमान पितांबरभाऊ कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. माझ्या अस्तराला त्यांचं धोतर आहे आणि वर लिलाबाईंची दोन लुगडी. मला शिवायला चार बायका बसल्या होत्या. चार बायका, चार बाजू. प्रत्येकीने आपल्या काठापासून सुरुवात करायची आणि ओळीमागून ओळ घालत मध्याकडे सरकायचं. मध्यावर चौघींचे हात भेटले की गोधडी झाली. मी एका दिवसात पुरी झाले असते, पण हातांपेक्षा तोंडं जास्त चालत होती, म्हणून दोन दिवस लागले.

त्या चौघींतल्या दोघी सख्ख्या शेजारणी. एक लिलाबाई आणि दुसऱ्या मंजुळाबाई. दोघींच्या अंगणांमध्ये छातीएवढी विटांची भिंत. मंजुळाबाई तीन वर्षांनी मोठ्या, म्हणून लिलाबाई त्यांना अक्का म्हणायच्या. लिलाबाईंचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, अक्कांचा भेंडीएवढा लांब. लिलाबाई चिडवायच्या, "अक्का, तुना टाकामा पाय अडकीसन मानूस पडी जाई!" अक्का हसायच्या आणि पुढचा टाका मुद्दाम आणखी लांब घालायच्या.

वीस वर्षं मी कामाला होते. पितांबरभाऊंचं शेवटचं आजारपण मी काढलं. संघपालने, लिलाबाईंच्या मुलाने, परीक्षेच्या दिवसांत मला खांद्यावर घेऊन अभ्यास केला. नात मृणाली माझ्यावरच रांगायला शिकली. आलागेला माझ्यावर हात फिरवून म्हणायचा, "काय हात आहे लिलाबाई तुमचा!" ते कौतुक मी गुपचूप माझ्या खाती जमा करून घ्यायचे. मग पितांबरभाऊ गेले. संघपालला दीपनगरच्या वीजकेंद्रात नोकरी लागली आणि तो बायकोमुलीला घेऊन तिकडे राहायला गेला. माझं कापड जागोजागी विरलं, तेव्हा मला घडी घालून लोखंडी पेटीत ठेवलं. पेटीत डांबराच्या गोळ्यांचा वास आणि अंधार. वर्षातून एकदा मला भिंतीवर ऊन दाखवत, तेवढाच माझा सण.

अशाच एका सणाच्या दिवशी, २०२०च्या फेब्रुवारीत, मी भिंतीवर पसरलेली असताना ते भांडण झालं. लिलाबाईंनी अंगणात गिलक्याचा, म्हणजे घोसाळ्याचा, वेल लावला होता. वेलाला तुझं-माझं कुठलं कळायला? तो भिंत चढून अक्कांच्या बाजूला उतरला. त्यातलं एक गिलकं लिलाबाईंनी बियाण्यासाठी राखलं होतं आणि त्याला लाल चिंधी बांधली होती. चिंधी बांधलेलं फळ कोणी तोडत नाही, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. त्या सकाळी पाहिलं तर चिंधी जमिनीवर आणि गिलकं गायब. लिलाबाईंचा पारा चढला. भिंतीजवळ उभं राहून त्यांनी अक्कांना असं काही सुनावलं की मला माझी घडी घालून घ्यावीशी वाटली. अक्कांनी दोनदा तोंड उघडलं, पण त्यांचा शब्द शिरायला फट मिळाली नाही. शेवटी त्या मुकाट्याने आत गेल्या आणि दार लावून घेतलं. एका गिलक्यापायी दोघींचा अबोला सुरू झाला.

महिनाभरात महामारी आली. बोळाच्या तोंडाला बांबू बांधले. लिलाबाई भीतीने अर्ध्या झाल्या. दारातली कडी त्या दिवसातून चारदा पुसायच्या. एकदा तर त्यांनी कोथिंबीर कपड्याच्या साबणाने धुतली आणि वरणाला फेस आला. संघपालचा रोज फोन यायचा, "आई, बाहेर पडू नकोस. मला इथून निघता येत नाही, वीज बंद ठेवून कसं चालेल?" लिलाबाई "हो रे बाबा" म्हणायच्या आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ त्या फोनकडेच बघत बसायच्या. भिंतीपलीकडे अक्काही एकट्याच होत्या, त्यांचा भूषण धुळ्याला अडकला होता. दोन एकट्या बायका, मध्ये एक भिंत. इकडचं भांडं पडलं की तिकडे ऐकू जायचं, पण हाक कोणीच मारायचं नाही.

चौदा एप्रिलला वस्तीत मिरवणूक निघाली नाही. लिलाबाईंनी बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, खीर केली. तेवढ्यात पलीकडून अक्कांचा वंदना म्हणण्याचा आवाज आला. लिलाबाईंनी खिरीची वाटी भरली, भिंतीपर्यंत नेली आणि तशीच परत आणली. मी तेव्हा पेटीतून बाहेर, खाटेवर होते. ती वाटी रात्रभर झाकून ठेवलेली मी पाहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं काम काढलं. चार सुती लुगडी माझ्यावर पांघरली, काठ टाचून घेतले आणि अंगठ्याला चिंधी गुंडाळून एकट्याच शिवायला बसल्या. जी गोधडी चौघींनी शिवायची, ती एकटीने! पहिली बाजू झाली. मग त्या उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसल्या, जिथे पूर्वी सुंदरबाई बसायच्या. सुंदरबाई कधीच वारल्या होत्या. लिलाबाई शिवता शिवता त्यांच्या ढंगात स्वतःशीच बोलत होत्या. मग तिसरी बाजू, सुलक्षणाची. ती आता जळगावला असते. तिथे बसून त्यांनी तिच्यासारखं नाकात हसूनही दाखवलं. बघायला मी एकटी. मला हसू येत होतं आणि हुंदकाही.

चौथी बाजू अक्कांची होती. लिलाबाई तिथे बसल्या, सुईत दोरा ओवला, काठावर टोक टेकवलं आणि सुई परत काढून घेतली. तीन बाजू घट्ट आणि एक मोकळी, अशी मी पंधरा दिवस ओट्यावर पडून होते. त्या रोज येऊन बसायच्या आणि रोज उठून जायच्या. हाक मारायची तर माघार घ्यावी लागणार, आणि माघार त्यांच्या अंगवळणी नव्हती. मला वाटायचं, आता आपला जन्म असाच अर्धा जाणार.

मे महिन्याच्या शेवटी एका सकाळी भिंतीवरून कागदाची एक पुडी आली आणि थेट माझ्या अंगावर पडली. पुडी फुटली. आत काळं बी होतं. पलीकडे पदर नाकाला लावून अक्का उभ्या होत्या.

"तुनंच बी शे," अक्का म्हणाल्या. "गिलकं वाळी जायेल व्हतं. पाखरं खाई टाकतीन म्हनीसन मी तोडं. आते पेरानी येळ उनी."

लिलाबाईंनी मान वर केली. "मंग तवयच का बरं सांगं नही?"

"तू बोलू दिधं का माले?"

लिलाबाई खाली बसल्या, एकेक बी वेचून पदरात घेतलं आणि खाली मान घालून म्हणाल्या, "अक्का, मनं चुकनं." मित्रांनो, हे दोन शब्द बोलायला त्यांना साडेतीन महिने लागले. मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "तुनी बाजू ऱ्हाई जायेल शे."

अक्का भिंतीवरून वाकून बघत राहिल्या. "मनी बाजू मीच शिवसू. तू हात नको लावू."

काठीने ढकलत लिलाबाईंनी मला पलीकडे दिलं. अक्कांनी मला दोन दिवस उन्हात ठेवलं आणि मग शिवायला घेतलं. त्यांची नजर आता कमी झाली होती, सुईत दोरा ओवता येत नव्हता. म्हणून लिलाबाई सकाळी पाच सुया ओवून भिंतीवर ठेवायच्या आणि चार हात मागे सरकायच्या. अक्का इकडच्या खाटेवर, लिलाबाई तिकडच्या ओट्यावर. दोघींना भिंतीमुळे एकमेकींची फक्त डोकी दिसायची, पण तोंडं पूर्वीसारखीच चालायची. अक्का रोज दोन ओळी घालायच्या, तेच भेंडीएवढे टाके. घाई कोणालाच नव्हती. काम लवकर संपू नये असंच दोघींना वाटत असावं, आणि खरं सांगते, मलाही.

दहाव्या दिवशी अक्कांना खोकला सुरू झाला. बाराव्या दिवशी दुपारी त्यांना सडकून थंडी वाजली. जूनचा उकाडा आणि दात वाजत होते. शेजारी पांघरायला मीच होते, टोचलेल्या सुईसकट. त्यांनी मला गळ्यापर्यंत ओढून घेतलं. अंग तव्यासारखं तापलं होतं. मी जेवढी ऊब देता येते तेवढी दिली, पण ती थंडी माझ्या आवाक्यातली नव्हती. लिलाबाई भिंतीपलीकडून सारख्या विचारत होत्या, "अक्का, पानी पिनी का?" अक्का आधी हुंकार द्यायच्या, मग तोही येईना. लिलाबाईंनीच आरोग्य केंद्राच्या आशाताईंना फोन केला. संध्याकाळी गाडी आली. अंगभर पांढरे कपडे घातलेल्या दोन माणसांनी अक्कांना सांभाळून उचललं. मला खाटेवरच ठेवलं. जाताना अक्कांनी भिंतीकडे बघून एवढंच म्हटलं, "लिला, चार वळी ऱ्हायन्यात."

नऊ दिवस मी बंद घरात होते. दहाव्या दिवशी कुलूप उघडलं. भूषण आला होता, एकटाच. अक्का जळगावला दवाखान्यात वारल्या, आणि तिकडेच त्यांचं सगळं उरकलं होतं. त्याला चेहरासुद्धा नीट बघता आला नव्हता. तो बिचारा रडत रडत आईची गादी, उशी, चादरी अंगणात भिंतीलगत आणून टाकत होता. आजाऱ्याचं अंथरूण जाळून टाका, असं त्याला कोणी तरी बजावलं होतं. सगळ्यांत वर त्याने मला ठेवलं. त्याच्या हातात काडेपेटी होती.

"भूषण, ती गोधडी माले दे."

भिंतीवर लिलाबाईंचं डोकं दिसत होतं.

"नको मावशी. आईच्या अंगावर होती ती शेवटी. तुम्ही एकट्या असता. काही झालं तर संघपालला मी काय सांगू?"

"नऊ दिस व्हई ग्यात. उकळता पानीमा टाकसू. दे."

तो जागचा हलेना. तेव्हा कोथिंबीर साबणाने धुणाऱ्या त्या बाईने पाटावर पाट ठेवला, भिंतीवर छाती टेकून दोन्ही हात खाली सोडले. माझा एक काठ त्यांच्या बोटांत आला. त्यांनी मला ओढलं. भूषणने काडेपेटी खिशात टाकली आणि माझं दुसरं टोक उचलून भिंतीपलीकडे दिलं.

लिलाबाईंनी मला उकळत्या पाण्यात भिजवलं, सात दिवस उन्हात ठेवलं. स्वतःही चौदा दिवस दाराबाहेर आल्या नाहीत. त्यांना काही झालं नाही. अक्कांनी खोचलेली सुई मात्र त्यांनी पाण्यात टाकण्याआधी काढून डबीत ठेवली आणि दोऱ्याला गाठ मारली.

तेव्हापासून मी अशीच आहे. चौथ्या बाजूच्या चार ओळी नाहीत. तिथलं कापड सैल राहतं, धुतलं की फुगतं. परवाच्या थंडीत मृणाली आली होती. आता ती कॉलेजात जाते, हात आजीसारखाच चपळ आहे. आजीला खूश करावं म्हणून तिने दुपारी गुपचूप सुई घेतली आणि त्या सैल भागात एक ओळ घातली. तांदळाच्या दाण्याएवढे सुंदर टाके. लिलाबाई उठल्या, त्यांनी ती ओळ पाहिली, मृणालीच्या पाठीवरून हात फिरवला आणि कात्रीच्या टोकाने एकेक टाका उसवायला घेतला.

"आजी, अगं का? चांगली नाही आली?"

"चांगली उनी बेटा. पन ती मनी बाजू नही, तुनी बी नही. ती अक्कानी शे."

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी कोणी असेल. तिला पेटीत कुबट होऊ देऊ नका, वर्षातून दोनदा ऊन दाखवा, फाटलं तर टाका घाला. माझी स्वतःबद्दलची मागणी एवढीच. दुसरं मागणं माझ्यासाठी नाही. भिंतीपलीकडे तुमचं कोणी गप्प बसलं असेल तर आज त्याला हाक मारा. चूक कोणाची ते नंतर बघता येईल. मी ओट्यावर पडून होते त्या पंधरा दिवसांत लिलाबाईंनी हाक मारली असती, तर माझ्या त्या चार ओळी केव्हाच पुऱ्या झाल्या असत्या.