कंबर भरली, गोळ्या बंद

आमचे भाऊजी म्हणजे शिवणकामातले मोठे मास्तर. गळ्यात टेप अडकवली की जगातलं सगळं आपल्याला कळतं, असा त्यांचा ठाम समज. "मी नुसत्या नजरेने माप सांगतो," म्हणायचे. डोंबलाची नजर!

घरातली पोर डोळ्यांदेखत वाळत चालली होती. माझी भाची, चौदा वर्षांची. दोन माणसांचं जेवायची, पण अंगाला काही लागायचं नाही. भाऊजींनी काय करावं? तिचा शाळेचा स्कर्ट कंबरेत आवळून दिला. गळा सुजला, कॉलर काचायला लागली, तर बटण सरकवून दिलं. हात थरथरायचे, सुईत दोरा ओवता येईना, तर म्हणे कामचुकार आहे. डोळे मोठे दिसायला लागले, तर म्हणे, "बापावर डोळे वटारतेस?" आणि एक ठेवून दिली. ताई आपली मशीनवर मान खाली घालून. नवऱ्यासमोर तिला कधी तोंड फुटलं नाही.

शेवटी शाळेचा जिना चढताना पोर मटकन खाली बसली. डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली, गळा चाचपला, रक्त तपासलं. थायरॉईड वाढलेला निघाला.

"गळ्यातली ही ग्रंथी नको इतकं काम करतेय, त्याचा ताण हृदयावर येतोय. गोळ्यांनी आटोक्यात येईल, पण वर्ष-दीड वर्ष तरी घ्याव्या लागतील. मी सांगेपर्यंत बंद करायच्या नाहीत," बाईंनी बजावलं. भाऊजींनी मान डोलावली. कटकट्या गिऱ्हाइकासमोर डोलावतात तशी.

गोळ्या लागू पडल्या. पोर हसायला लागली, शांत झोपायला लागली. स्कर्ट घट्ट झाला. झालं! भाऊजींनी तिला दुकानात उभं केलं, कंबरेला टेप लावली आणि सगळ्यांना ऐकवलं, "बघा, पहिल्यासारखं माप आलं! आता कसलं आजारपण?" गोळ्या कपाटात गेल्या आणि किल्ली त्यांच्या खिशात.

"भाऊजी, डॉक्टरांना विचारा तरी," दुकानात बटणांची काजं करता करता मी म्हटलं.

"तू काजं कर गुपचूप. कपडा अंगावर नीट बसला की काम संपलं. पुन्हा पुन्हा शिवत बसतं का कोणी?"

अहो, ती पोरगी आहे की पायजमा? पण ऐकतो कोण! पोरीने स्वतः गोळ्या मागितल्या, तर "नखरे पुरे" म्हणून तिला हाकललं.

पुढच्या काही आठवड्यांत तिची छाती इतकी धडधडायला लागली की कपड्यांवरून दिसायची. एका सकाळी दप्तर उचलताना ती दारातच कोसळली. मी आणि ताईने उचलून रिक्षात घातली.

"गोळ्या कोणी बंद केल्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी माप घेतलं होतं," भाऊजी म्हणाले. "कंबर अगदी बरोबर होती."

लाज म्हणून नाही माणसाला! बाईंनी गोळ्यांचं नवं पाकीट काढलं.

तेवढ्यात खाटेवरून पोर बोलली, धापा टाकत. "डॉक्टर, गोळ्या माझ्याजवळ द्या. घरच्यांकडे नको."

"अगं, मी बाप आहे तुझा!"

"म्हणूनच," ती म्हणाली.

बाईंनी पाकीट तिच्या हातात दिलं. भाऊजींनी सवयीने हात पुढे केला. पोरीने पाकीट उशीखाली सरकवलं आणि त्यावर डोकं टेकून डोळे मिटले.