नागुबाई दर्या बघून आली

खरं सांगते, खरं सांगते, तिसऱ्यांदा खरं सांगते! यातला एक शब्द खोटा निघाला तर माझ्या तोंडात उरलेले चार दात आजच्या आज पडोत, आणि जन्मभर मला वरणात कुस्करून भाकरी खावी लागो. आता ऐका.

तर नागुबाई मोंबासाच्या भर रस्त्यात उभी होती. खांद्याला पिशवी, पिशवीत दोन किलोचा पाना, आणि डोक्यावर हत्तीचे सुळे. एकदोन नव्हे, चार. रस्त्याच्या या अंगानं दोन, त्या अंगानं दोन, वर जाऊन एकमेकांना टेकलेले. खालून ट्रक चालले होते, बसा चालल्या होत्या, आणि कुणी मान वर करून बघतसुद्धा नव्हतं.

नागुबाईनं इकडंतिकडं बघितलं. पाना काढला आणि एका सुळ्याच्या बुडाला हळूच ठोकला. ठण्ण!

"जर्मलचा हाय की गं," ती म्हणाली. जर्मल म्हणजे आपली पातेली असतात ते. मग पुन्हा वर बघून म्हणाली, "पर हाय. इंदे, तुझं एक खरं निघालं."

आसपास इंदू नव्हती. आसपास मराठी कळणारं कुत्रंसुद्धा नव्हतं. नागुबाई त्या समुद्रापारच्या शहरात एकटी होती, तीही तिला पाठवणाऱ्या संस्थेच्या कारकुनाच्या कृपेनं. हापसे दुरुस्त करणाऱ्या बायांचा मेळावा होता पंधरा तारखेला, त्यानं लिहिलं बारा. विमानातून उतरली तर स्वागताला एक झोपाळू ड्रायव्हर तेवढा. त्यानं खोलीवर नेऊन सोडलं आणि तीन बोटं दाखवली. तीन दिवस थांबा.

दुसरी असती तर खोलीत कडी लावून रडली असती. नागुबाईनं भाकरीचं फडकं पिशवीत टाकलं आणि बाहेर पडली. बारा वर्षांचं एक काम राहिलं होतं, आणि ते करायला ही तीन दिवसांची सवड आयतीच चालून आली होती.

ही नागुबाई जळकोटची. नाव बघा गावाचं, जळकोट! जळ शोधायला गेलं तर डोळ्यात तेवढं. पासपोर्टाच्या वेळी साहेबानं विचारलं, "जिल्हा?"

"कोन्ता लिवता?" नागुबाई म्हणाली. "बिदर जिल्ह्यात जल्मले, उस्मानाबादेत लगीन झालं, आन मालक गेला तवा लातूर झाल्तं."

"म्हणजे तीन गावं बदललीत?"

"गाव त्येच हाय, सायेब. उंबरा बी हालला न्हाई. जिल्हेच येत्यात अन् जात्यात."

लातूर जिल्हा होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या, रंग ओला, आणि हापसे मात्र जुनेच, आठ दिवसांला एक बंद पडणारे. ते उघडून, साखळी बघून, वायसर बदलून पुन्हा वाहते करायचे ही नागुबाईची नोकरी. बाई पाना धरते म्हणून पहिले सहा महिने लोक हसले. मग घागरी भरायला लागल्या, तेव्हा हसायचे राहिले.

पण त्याआधीचं सांगते. बहात्तरचा दुष्काळ. मुखेडच्या रस्त्याला खडी फोडायचं काम चालू होतं. हजार बाया उन्हात बसून दगड फोडायच्या. त्यात नागुबाई, आणि तिच्या शेजारी इंदू. दोघींची दोस्ती झाली ती गोष्टींवरून. इंदूचा मामा शिवप्पा मुंबईच्या गोदीत हमाली करायचा. परदेशी खलाशांकडून ऐकलेलं तो इंदूला सांगायचा, आणि इंदू त्यात आपलं तिखटमीठ घालून नागुबाईला. आता आपल्याकडं गोष्टीचा एक कायदा आहे. सांगणाऱ्यानं सांगायचं आणि ऐकणाऱ्यानं हुंकारा द्यायचा. हाव, हाव म्हणत राहायचं. हुंकारा थांबला की गोष्ट थांबली.

"दर्या म्हंजी ढोर हाय गं ढोर," इंदू सांगायची. "सकाळी चरायला जातंय, सांजंला घरला येतंय."

"हाव," नागुबाई म्हणायची आणि हातोडा मारायची.

"त्या दर्याकाठी एक गाव हाय. तिथं हत्तीच्या सुळ्याची कमान हाय, खालून टरक जातंय."

"हाव."

"टरक बी खडीचं न्हाई, नारळाचं."

"हाव गं, म्होरं सांग."

मुकादम अमृतराव ओरडायचा, "ए दर्यावाल्या! पाटी भरली का न्हाई?" सगळ्या बाया हसायच्या, आणि दिवस कलायचा. लाल मिलोची, म्हणजे रेशनच्या परदेशी ज्वारीची, भाकरी नरड्याखाली उतरत नव्हती, पण त्या गोष्टींवर उतरायची.

एके दिवशी इंदू म्हणाली, "आन सांगू का, तिथलं पानी कुनाच्या बापाचं न्हाई. कुनी बी काठावर जावं आन म्हनावं, माझं!"

नागुबाईचा हातोडा थांबला. हुंकारा आला नाही.

नागुबाईच्या बापानं छप्पन साली बुद्धाचा धम्म घेतला होता. धम्म बदलला तरी गावचा आड बदलला नव्हता. तिची आई रिकामी घागर घेऊन आडापासून चार हात लांब उभी राहायची. कुणाच्या मनात आलं तर ओतायचं. माझी पाळी, माझी घागर, असं बाकीच्या बाया भांडायच्या. आईनं मात्र "माझी" म्हणून कधी तोंड उघडलं नाही. इंदूला यातलं काय ठाऊक! तिची घागर रोज आडावरच भरायची.

"खोटारडी!" नागुबाई सगळ्यांच्या देखत ओरडली. "पानी आन सगळ्याचं? खोटारडी हायस तू. पुन्ना तुझ्या गोष्टीला हुंकारा देनार न्हाई, जा."

इंदूचं तोंड एवढंसं झालं. तिनं मान खाली घातली आणि दगड फोडायला घेतला. त्या दिवसापासून तिनं एकही गोष्ट सांगितली नाही. आठ दिवस दोघी शेजारी बसल्या, नुसते हातोडे बोलले. नवव्या दिवशी कळलं की इंदूच्या नवऱ्याला निजामाबादला गिरणीत काम लागलं, आणि ती मुखेडच्या स्टँडवरून चालली. नागुबाई कामावर खायला मिळायची ती सुकडीची वडी पदराला बांधून पळत निघाली. पोचली तर बस गेलेली. बाकडं तेवढं मोकळं होतं.

सुकडी पदराला तशीच राहिली, आणि खोटारडी हा शब्दही.

म्हणून मोंबासात ही पायपीट. इंदूची कुठली गोष्ट खरी, कुठली खोटी, ते नागुबाईला डोळ्यांनी बघायचं होतं. खरी निघाली तर तिला जाऊन सांगायचं होतं, बाई, चुकलं माझं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती दर्यावर गेली. दर्या होता खरा, पण लांब. वाळू उघडी पडलेली, होड्या कुशीवर निजलेल्या. लोक खेकडे वेचत होते. नागुबाई एका झाडाखाली बसली आणि राखण केल्यासारखी बसूनच राहिली. फडक्यातली ज्वारीची भाकरी खाल्ली, वर मिरचीचा ठेचा. एक गोरी बाई तिचा फोटो काढून गेली. दुपारी पाणी हललं. आधी एक रेघ, मग दोन. मग होड्या उठून उभ्या राहिल्या. ऊन उतरता उतरता दर्या पार झाडापर्यंत आला, आणि नागुबाईच्या चपला भिजवून गेला.

"आली गं ढोरं घरला," नागुबाई म्हणाली, आणि एकटीच हसली. तिथं बसल्या बसल्या तिच्या ध्यानात आलं, की एवढं मोठं बघितलं पण हुंकाऱ्यावाचून त्याची गोष्ट होत नाही. बघणं नुसतं डोळ्यात साठतं, जड होतं.

दोन खरी निघाली. राहिलं तिसरं, पाणी कुणाच्या बापाचं नाही ते.

तिसऱ्या दिवशी ती जुन्या वस्तीत शिरली. गल्ल्या अशा अरुंद की समोरच्या घरातली फोडणी या घरात शिंकवील. नक्षीची दारं बघत बघत चालली होती, तेवढ्यात कोपऱ्यावरून आवाज आला.

"माझी! माझी!"

नागुबाई जागच्या जागी थांबली. शब्द ओळखीचा होता. पुढं गेली तर सरकारी नळ, नळापुढं पंधरावीस बाया, पिवळे डबे, आणि गलका. ही म्हणे माझी, ती म्हणे माझी. एक माणूस हातगाड्यावर पाण्याचे डबे घेऊन चालला होता, तोही गळा काढून माझी माझी करत होता.

 हितं बी त्येच! एवढा दर्या उशाला, आणि नळावर भांडणं तीच. इंदे, हरलीस गं. मी म्हनले त्येच खरं.

पण दहा वर्षांची सवय. पाय आपोआप पुढं गेले. तिनं पाना काढला, एका डब्यावर ठण ठण वाजवला आणि जळकोटच्या हापशावर ओरडायची तशी ओरडली, "ए बायांनो! माझी माझी करू नगा! एकाम्होरं एक लावा डबे! हितं कुनाचीच पैली न्हाई!"

आणि स्वतःच डबे उचलून रांग लावायला लागली. बाया आधी बघतच राहिल्या. मग एकीला हसू फुटलं, आणि सगळी गल्ली हसायला लागली. तांबड्या कापडातली एक म्हातारी तर हसता हसता खालीच बसली.

समोरच्या दुकानातून एक कच्छी किराणेवाला धावत आला. "बहनजी, बहनजी! झगडा नहीं है! माजी मतलब पानी."

"क्या?"

"इनकी बोली में पानी को माजी बोलते हैं."

नागुबाईच्या हातातला डबा हातातच राहिला. "पानी को माजी? कौन बोलता?"

"सब बोलते. बच्चा, बूढ़ा, सब."

"सब?"

"अरे, और क्या बोलेंगे!"

नागुबाई नळाच्या पायरीवर बसली. तांबड्या कापडातली म्हातारी उठली, तिनं एक मगभर पाणी धरलं आणि नागुबाईपुढं केलं. म्हणाली, "माजी."

नागुबाईनं दोन्ही हातांनी मग घेतला. आई आठवली, चार हात लांब उभी असलेली.  

"माझी," ती म्हणाली, आणि प्याली.

पाणी जरा मचूळ होतं. तिनं सगळं संपवलं. मग त्या म्हातारीला जवळ बसवून ती सांगायला लागली, आड, आई, खडी, इंदू, सगळं. मराठीत. म्हातारीला ओ की ठो कळत नव्हतं. पण तिकडची माणसं ऐकताना म्हणतात, "हाया." म्हणजे आपलं हावच. नागुबाई थांबली की म्हातारी मान हलवायची, "हाया, हाया." बारा वर्षांनी हुंकारा कानावर आला, तोही दर्यापारचा.

मेळाव्यात तिनं काय केलं, कुणी टाळ्या वाजवल्या, ते संस्थेच्या कागदात असेल. मला त्याचं काय. नागुबाई मुंबईला उतरली, मनमाडला गाडी बदलून नांदेडला आली, आणि नांदेडहून एस्टीनं मुखेडला. तिथून जळकोटची बस लगेच लागली होती. कंडक्टर नरसिंग ओळखीचा. म्हणाला, "चला नागुबाई, जागा हाय."

"जा तू. मला हितं काम हाय."

ती सरळ त्या बाकड्याकडं गेली. इंदू बसलीच होती तिथं, पाय वर घेऊन, जुन्या सवयीनं. नागुबाईनं दोन चहा सांगितले. पिशवी मध्ये ठेवली आणि इंदूकडं न बघता बोलायला लागली.

"इंदे, सुळ्याची कमान हाय. जर्मलची हाय, पर हाय."

"हाव," इंदू म्हणाली आणि फुर्र करून चहा ओढला.

"दर्या सांजंला घरला येतोय. माझ्या चपला भिजवल्या बग."

"हाव."

"आन तिथं पान्यालाच माझी म्हंत्यात गं. समदे म्हंत्यात. मी बी म्हनले." नागुबाईनं कप खाली ठेवला. "तू खोटारडी नव्हतीस. माझंच चुकलं त्या दिशी."

"हाव. म्होरं सांग की," इंदू म्हणाली.

मग नागुबाईनं पुढचं सांगितलं. तीन बसा गेल्या.

एवढंच. यातला शब्द न् शब्द खरा. पाना खरा, सुळे खरे, माझी खरी. एक तेवढं मी माझ्या पदरचं घातलं, दात पडले तर पडोत.

बाकड्यावर इंदू नव्हती. इंदू त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यातच निजामाबादला हगवणीनं गेली होती, आणि ते नागुबाईला मोंबासाला जायच्या आधीपासून ठाऊक होतं. मी त्या स्टँडवर टोपली घेऊन बोरं विकायची. एक बाई येऊन बसली, दोन चहा मागवले आणि रिकाम्या जागेशी बोलायला लागली. पहिलं वाक्य झालं आणि ती थांबली. हुंकाऱ्यावाचून गोष्ट पुढं जाईना.

मी टोपली सरकवली, शेजारी बसले आणि म्हणाले, "हाव."

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. दुसरा चहा नुसता माझ्याकडं सरकवला.