चार गोत्रं, तीन जागा

“दोन्ही वह्या एकच सांगतात. हे जमायचं नाही, नेमीचंदजी. चहा घ्या,” माझे यजमान मदनलाल म्हणाले आणि त्यांनी वही मिटली.

नेमीचंद अमळनेरहून मुलीची सोयरीक घेऊन आले होते. मुलगा धुळ्याचा, चांगला शिकलेला. फक्त गोत्रं बघायची राहिली होती. आमच्या मारवाडी जैनांत चार गोत्रं टाळतात: बापाचं, आईचं, बापाच्या आईचं आणि आईच्या आईचं. त्यातलं एक जरी दोन्हीकडे सारखं निघालं तर सोयरीक मोडली. खानदेशातल्या घराघराची गोत्रं तोंडपाठ होती एकाच बाईला, माझ्या सासूबाईंना, धनकुंवरबाईंना. आमच्या जळगावच्या दुकानात लोक कापडापेक्षा गोत्रं विचारायलाच जास्त यायचे.

सहासष्ट साली सासूबाई मोठ्या दुखण्यातून उठल्या आणि त्यांनी धास्ती घेतली. आपण गेलो तर हे सगळं आपल्याबरोबर जाणार. म्हणून त्यांनी व्यवस्था लावली. त्यांनी सांगायचं, यजमानांनी लिहायचं, ती वही दुकानात. तिची नक्कल चाळीसगावला दिरांकडे, म्हणजे इथे आग लागो की वाळवी, तिथली राहील. आणि तिसरी जागा मी. मी वहीला हात लावायचा नाही, अशी त्यांची सक्त ताकीद. “लग्नाला जाशील, मयतीला जाशील, पापड लाटायला जाशील. ज्या त्या बाईला तिचं तिचं विचार आणि डोक्यात ठेव.”

यजमान हसले. “हिला भाजीत मीठ घातलं की नाही ते आठवत नाही.”

हसा म्हटलं. मी बायकांची माहेरं विचारत खानदेशभर हिंडले. लोक मला भोचक म्हणायला लागले, तेही ऐकून घेतलं.

आणि आता वही सांगत होती, चाळीसगावहून पत्रही तेच आलं होतं, की मुलाच्या आईची आई छाजेडांची. नेमीचंद स्वतः छाजेड. त्यांनी कप तसाच खाली ठेवला. “हे तिसरं स्थळ. पोरीला आता काय सांगू?”

मी दाराआड होते. पदर पुढे ओढला आणि म्हणाले, “ती म्हातारी छाजेडांची नाही. सुराणांची आहे.”

“दोन वह्या खोट्या आणि तू तेवढी खरी?” यजमान म्हणाले.

“दोन कुठल्या? एकच. दुसरी तिच्यावरूनच उतरवलीय, म्हणजे इथली चूक तिथेही गेली. मी म्हातारीलाच विचारलंय, शिंदखेड्याला तिच्या माहेरच्या लग्नात. आई लहानपणीच गेली म्हणून ती छाजेड मामांकडे वाढली. गाव तिला छाजेडांची म्हणतं. जन्म सुराणांचा.”

बोलून गेले आणि मग लक्षात आलं. वहीतलं सांगणाऱ्या सासूबाईच होत्या. मी खोटी ठरले तर माझी अब्रू, खरी ठरले तर त्यांची, तीही पाहुण्यांसमोर. आपलेच दात, आपलेच ओठ.

सासूबाई तिथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “लोटनला शिंदखेड्याला पाठवा. म्हातारीच्या माहेरी विचारू दे.”

लोटन आमचा दुकानातला हमाल. दुसऱ्या दिवशी तो एसटीतून उतरून थेट घरी आला. “सुराणासनीच शे, अक्का. तिना सख्खा भाऊनी सांगं.”

नेमीचंद थांबलेच होते. ते सासूबाईंसमोर हात जोडायला गेले, तर त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “तिला जोडा. मी सांगितलं ते चुकलं होतं.” मग यजमानांकडे वळल्या. “मी मरेन म्हणून वह्या लिहवल्या, मदन. मी चुकेन म्हणून हिला वेगळं हिंडवलं. आता दोन्ही वह्या हिच्यासमोर बसून तपास.”

माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू. स्वतःची चूक धरायला स्वतःच माणूस नेमून ठेवणारी सासू कुणाला मिळते? यजमान आठवडाभर माझ्यासमोर वही घेऊन बसले आणि एकदाही हसले नाहीत.

पुढे चार-पाच वर्षांनी एका दुपारी आम्ही दोघी मेथी निवडत होतो. सासूबाई म्हणाल्या, “कुसुम, माझ्या आईची आई कोणाची गं?”

मला वाटलं, परीक्षा घेताहेत. “तुम्हीच सांगा की, बाई.”

त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

“ललवाणींची,” मी म्हणाले.

“ललवाणींची,” त्या हळूच म्हणाल्या आणि पुन्हा मेथी निवडायला लागल्या.